तारणावरचा दहा शनिवारांचा अभ्यासवर्ग: एका विद्यार्थिनीचे परीक्षण

पुण्याच्या लष्कर भागात एक प्रोटेस्टंट आणि एक कॅथलिक अशा दोन मंडळ्या मिळून ‘तारण आणि सत्कृत्ये’ या विषयावर मराठीतून अभ्यासवर्ग चालवतात. दहा शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, शुल्क ७०० रुपये, आणि त्यात टिपणांची वही व चहा एवढे त्याचे बाह्य स्वरूप आहे. एक सत्र पाळकसाहेब घेतात, पुढचे फादर घेतात, आणि दुसऱ्याच्या सत्राला पहिला मागच्या बाकावर बसून असतो. दोघांनीही आपली नावे कोठे छापू नयेत असे सांगितले असल्यामुळे मी ती येथे देत नाही. मी या वर्गाला दहाही शनिवार गेले, टिपणांची वही दोनदा वाचली, आणि हा वर्ग कोणाला उपयोगी पडेल व कोठे अपुरा वाटेल हे सविस्तर लिहावे असे मनापासून वाटले, म्हणून हे परीक्षण.

मी का गेले हे आधी सांगितले पाहिजे, कारण माझे बरेवाईट मत त्याच कारणावर उभे आहे. माझ्या वडिलांनी तरुणपणी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला, पण आजी शेवटपर्यंत माळकरी राहिली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या शेजाऱ्यांची दोन मुले तिने वर्षभर घरात ठेवून घेतली आणि आमच्या ताटातली भाकरी मोजून त्यांना दिली. ती गेली तेव्हा मी शाळेत होते. सांत्वनाला आलेल्या एका पाहुण्यांनी वडिलांच्या देखत म्हटले, “म्हातारीने केले खूप, पण तारण नाही.” वडील काही बोलले नाहीत. त्या वाक्यात चूक काय आहे, किंवा चूक आहे की नाही, हे मला इतक्या वर्षांत कोणी नीट समजावून सांगितले नव्हते. उपदेशात एक तर ‘कर्माने काही होत नाही’ एवढेच ऐकले, नाहीतर ‘चांगले वागा, देव बघतो’ एवढेच. ही दोन वाक्ये एकाच धर्मात एकत्र कशी नांदतात हे शिकायला मी गेले.

पहिले सत्र एका शब्दावर होते आणि ते उत्तम झाले. पाळकसाहेबांनी विचारले की रस्त्याने येताना ‘तारण’ हा शब्द कोणी वाचला का, आणि वर्गातल्या निम्म्या लोकांना सोनेतारण कर्जाच्या पाट्या आठवल्या. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हा शब्द इतका रुळला आहे की सावकाराकडे ठेवलेली वस्तू आणि बुडत्याला वर काढणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत याकडे आपले लक्षच जात नाही. पवित्र शास्त्रात अर्थ दुसरा आहे, म्हणजे तारणे, वाचवणे. पहिल्या अर्थावर सिद्धान्त उभा करू नये, असे त्यांनी बजावून सांगितले, आणि ते बरे केले, कारण अशा शब्दचमत्कृतीवर प्रवचन रचण्याचा मोह फार मोठा असतो. त्यानंतर त्यांनी ‘पुण्य गाठीशी बांधणे’, ‘पदरी पुण्य पडणे’ हे आपल्या बोलीतले प्रयोग फळ्यावर लिहिले आणि सांगितले की आपण मराठीत विचार करतो तेव्हा चांगले काम हे आपोआप शिल्लक जमेसारखे वाटू लागते, मग आपण कोणत्याही मंडळीचे असू. पुढच्या नऊ शनिवारांत आम्ही खरे तर ही गाठ सोडवत होतो.

दुसऱ्या सत्रात पाचव्या आणि सहाव्या शतकातला वाद आला. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाची आज्ञा पूर्ण पाळू शकतो असे पेलागियस हा धर्मशिक्षक मानत असे, बिशप ऑगस्टीनने त्याला विरोध केला, ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते नाकारली, आणि ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेने आणखी पुढे जाऊन असे म्हटले की देवाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धा कृपेनेच होते. हे सत्र माहितीच्या दृष्टीने ठीक होते, पण नावे आणि सनावळी यांची गर्दी झाली आणि मागच्या बाकावरची मंडळी वहीत चित्रे काढू लागली. एवढे लक्षात राहिले तरी पुरे की ‘आपल्या पुण्याईने स्वर्ग मिळतो’ हे मत पोपच्या रोमनेही आणि नंतरच्या प्रोटेस्टंट विटेनबर्गनेही कधी शिकवलेले नाही.

तिसरे आणि चौथे सत्र हा या वर्गाचा गाभा आहे, आणि केवळ या दोन संध्याकाळींसाठी ७०० रुपये द्यायला हरकत नाही. प्रेषित पौल नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो की नियमशास्त्रातील कर्मांवाचून मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की मनुष्य कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. दोघेही साक्षीदार म्हणून अब्राहामालाच उभे करतात. प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन लूथर याने १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात पौलाच्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचे पत्र म्हटले. हा उल्लेख पुढच्या आवृत्त्यांत गाळला गेला. आपल्या मराठी शास्त्रात पौलाच्या त्या वचनात ‘केवळ’ नाही. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द सबंध नव्या करारात एकदाच येतात, ते याकोबाच्या पत्रात, आणि तेही नकारार्थी. हे ऐकल्यावर वर्गातल्या प्रोटेस्टंट बाकांवर शांतता पसरली. मी त्याच बाकांवरची आहे, म्हणून सांगते.

पाळकसाहेबांनी या कोड्याची जी उकल केली ती मी कोणत्याही मराठी उपदेशात ऐकलेली नाही. त्यांनी उत्पत्तीचे पुस्तक उघडायला लावले. पौल जे वचन घेतो ते पंधराव्या अध्यायातले आहे: अब्राहामाला अजून मूल नाही, सुंता सतराव्या अध्यायात व्हायची आहे, तो आकाशातल्या ताऱ्यांखाली उभा राहून देवाच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि ते नीतिमत्त्व म्हणून गणले जाते. याकोब तेच वचन घेतो, पण त्याच्या आधी बाविसाव्या अध्यायातली इसहाकाच्या अर्पणाची घटना ठेवतो. दोन प्रसंगांमध्ये कित्येक वर्षे गेलेली आहेत. पौल विचारतो की देवाने माणसाला जवळ कशावरून केले, आणि याकोब विचारतो की जवळ केलेला माणूस ओळखायचा कसा. पौलाचा रोख जो स्वतःच्या आचरणाची पावती घेऊन देवापुढे उभा राहतो त्याच्यावर आहे, तर याकोबाचा रोख जो उघड्यावाघड्या भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवतो त्याच्यावर आहे. एकाच घरातल्या दोन निरनिराळ्या दुखण्यांवर दोन वैद्यांनी दिलेली ही औषधे आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले की आजार वाढतो, असे पाळकसाहेब म्हणाले. आमच्या पाहुण्यांनी नेमके तेच केले होते, पौलाचे औषध घेऊन ते एका मृत म्हातारीच्या दारात आले होते.

चौथ्या सत्रात फादरांनी इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला. आठवे आणि नववे वचन सर्वांना पाठ असते: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचे दान आहे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणी आढ्यता बाळगू नये. पण दहावे वचन, ज्यात आपण सत्कृत्ये करण्याकरिताच ख्रिस्तामध्ये निर्माण झालो असे म्हटले आहे, ते भिंतीवरच्या तसबिरीत सहसा नसते. ‘कर्मांनी नव्हे’ आणि ‘सत्कृत्यांकरिता’ हे दोन्ही एका दमात लिहिलेले आहे, आणि त्यांतली विभक्ती नीट पाहिली की अर्धा वाद मिटतो, असे त्यांचे म्हणणे होते. तृतीया आणि चतुर्थी यांतला हा फरक एखाद्या मराठी शिक्षकाने सांगावा तसा त्यांनी सांगितला. मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे, त्यामुळे मला त्याचा विशेष आनंद झाला.

याच सत्रात टिपणांच्या वहीतला सर्वांत मोठा दोषही लक्षात आला, आणि आयोजकांनी तो पुढच्या छपाईत दुरुस्त करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वहीत एका पानावर ‘नीतिमान ठरवणे’ आणि समोरच्या पानावर ‘नीतिमान करणे’ असे लिहिले आहे, जणू दोन्ही एकच. पण सोळाव्या शतकातला सगळा झगडा या दोन क्रियापदांमध्येच आहे. प्रोटेस्टंट शिकवण अशी की देव न्यायाधीशाप्रमाणे ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे पाप्याला नीतिमान ठरवतो, आणि त्याचा स्वभाव बदलण्याचे काम, म्हणजे पवित्रीकरण, त्याच्या मागोमाग आयुष्यभर चालते. कॅथलिक शिकवण अशी की देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला आतूनही तसा घडवतो, आणि हे घडवणे म्हणजेच नीतिमान होणे. मराठीत इतकी नेमकी दोन क्रियापदे हाताशी असताना ती वहीत एकमेकांच्या जागी टाकणे हे नुसते मुद्रणदोषाचे प्रकरण नाही. तोंडी शिकवताना दोघांनीही हा फरक काटेकोरपणे पाळला, परंतु घरी जाऊन वही वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच.

पाचवे सत्र इतिहासाचे होते. ३१ ऑक्टोबर १५१७ चे लूथरचे ९५ मुद्दे आणि पापदंडातून सूट देणाऱ्या पत्रांचा बाजार, एवढे आम्हा प्रोटेस्टंटांना लहानपणापासून माहीत असते. १३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने आपल्या सहाव्या बैठकीत काय म्हटले हे मात्र आम्ही कधी वाचलेले नसते. फादरांनी त्या ठरावातला पहिलाच नियम वाचून दाखवला: ख्रिस्ताच्या कृपेशिवाय, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो धर्मबाह्य. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी त्यांना ते पुन्हा वाचायला लावले. कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात, हे वाक्य आम्ही रविवारच्या शाळेत ऐकतच मोठे झालो, आणि त्याला त्यांच्याच सभेने साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी नकार दिलेला आहे हे कळल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

फादरांनी मात्र तेथेच थांबून टाळ्या घेतल्या नाहीत, याबद्दल त्यांचे विशेष आभार. त्याच बैठकीच्या नवव्या नियमाने ‘केवळ विश्वासाने’ या लूथरच्या मताचा निषेध केला आहे, आणि चोविसाव्या नियमाने सत्कृत्ये ही मिळालेल्या नीतिमत्त्वाची फक्त फळे व खुणा नसून त्यांनी ते वाढतही असते, असे म्हटले आहे, हेही त्यांनी वाचले. म्हणजे भेद खरा आहे. तो ज्या ठिकाणी आहे असे आम्ही समजत होतो त्या ठिकाणी मात्र नाही. मग ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्जबर्ग येथे लूथरन विश्वसंघ आणि रोम यांनी सही केलेल्या संयुक्त घोषणेचा पंधरावा परिच्छेद आला, ज्यात दोघांनी मिळून कबूल केले आहे की आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपली हृदये नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो. याला २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांनी संमती दिली. सर्वच लूथरन मंडळ्या त्यात सामील नाहीत, हेही सांगितले गेले. १९७० मध्ये नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, त्या मंडळीत वाढलेल्या माझ्यासारखीला या कागदाबद्दल आजवर कोणीच काही सांगितले नव्हते, याचे वाईट वाटते.

सहावे सत्र शुद्धिस्थानावर, म्हणजे मृत्यूनंतर स्वर्गापूर्वी आत्म्याची शुद्धी होते या कॅथलिक शिकवणीवर, होते आणि ते लवकर संपले. शुद्धिस्थान ही हरवलेल्यांना मिळणारी दुसरी संधी नव्हे, तेथे असणाऱ्या प्रत्येकाचे तारण आधीच निश्चित झालेले आहे, ही एक गोष्ट तरी प्रोटेस्टंट श्रोत्यांनी तेथून घेऊन जावी. मृतांसाठी करायच्या प्रार्थनेचा आधार म्हणून जे मक्काबीचे दुसरे पुस्तक सांगितले जाते ते आमच्या शास्त्रात नाही, त्यामुळे चर्चा तेथेच अडली.

सातव्या सत्राबद्दल मला तक्रार आहे. ‘आधी विश्वास, मग सेवा’ याचे उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंचे चरित्र मांडले गेले: त्यांनी प्रभूला ओळखले आणि त्यातून केडगावच्या मुक्ती सदनाचे काम उभे राहिले. सांगण्याच्या ओघात हे सुंदर वाटते, पण सालांचा हिशेब जुळत नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. विधवांसाठी शारदा सदन त्यांनी मुंबईत मार्च १८८९ मध्ये उघडले. आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत सांगितले आहे. म्हणजे शेकडो विधवांचे भवितव्य बदलणारे काम त्या जाणिवेच्या आधी सुरू झालेले होते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावला जे घडले ते नंतरचे. मी हे चहाच्या वेळी पाळकसाहेबांना सांगितले. त्यांनी वहीत टिपून घेतले आणि पुढच्या शनिवारी सर्वांसमोर दुरुस्ती केली. असा शिक्षक विरळा, हे मान्य करूनही मला वाटते की उदाहरण मुळातच चुकीच्या कामाला जुंपले होते. कृपा आधी आणि कर्मे नंतर हा क्रम कारण आणि कार्य यांचा आहे, तारीखवार नोंदवहीचा नाही. रमाबाईंच्या बाबतीत कृपा १८९१ च्या आसपास कामाला लागली आणि त्याआधी ती स्वस्थ बसली होती असे कोण म्हणेल?

हीच गोष्ट आठव्या सत्रात जक्कयाच्या कथेत आपोआप वर आली. जकातदारांचा मुख्य जक्कय झाडावर चढून बसला आहे, येशू वर पाहून ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ म्हणतो, जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत देण्याचे सांगतो, आणि मग येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झाले. एका तरुणाने विचारले की तारणाचे वाक्य तर पैसे देण्याच्या घोषणेनंतर येते, मग क्रम उलटा झाला नाही का? फादरांनी त्याला कथेतले पहिले क्रियापद कोणाचे आहे ते शोधायला लावले. थांबून वर पाहिले ते येशूने. त्याच्या घरी जाणार म्हणून गावाने कुरकुर केली, तरी तो उतरला. जक्कयाचे देणे हे त्या उतरण्याला दिलेले उत्तर आहे. एखाद्या घरी मोठा पाहुणा अचानक आला की घरमालकाचा हात आपोआप सैल होतो, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

नवव्या सत्राचे नाव होते ‘स्वर्गात कोण जाईल’. ज्याच्यासाठी मी आले होते, आणि माझ्या अंदाजाने वर्गातले बहुतेक जण आले होते, ते सत्र हेच. त्याची सुरुवात फार भारदस्त झाली. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग वाचला गेला, ज्यात भुकेल्याला अन्न देणारे उजवीकडे आणि न देणारे डावीकडे जातात. हा उतारा कर्मांनी तारण सांगतो, असे वरवर दिसते. फादरांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अशी की उजवीकडच्यांना आपण काही केले याची आठवणच नाही, ‘प्रभू, आम्ही केव्हा तुला भुकेलेला पाहिले?’ असे ते विचारतात, म्हणजे हिशेब ठेवणारे ते नव्हतेच. दुसरी अशी की राजा त्यांना मजुरी देत नाही, तर जगाच्या स्थापनेपासून सिद्ध केलेले राज्य ‘वतन’ म्हणून घ्यायला सांगतो. वतन कोणी रोजंदारीने कमावत नाही, ते दिलेले असते, वारशाने येते, आणि मग वतनदाराकडून गावाची सेवा अपेक्षित असते.

तेव्हा मागून एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले की त्यांच्या आजोबांना वतन या शब्दाचा अर्थ वेठबिगार एवढाच ठाऊक होता. महार वतनाने माणसाला तुकडाभर जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या दावणीला बांधले, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले, आणि ते वतन कायद्याने गेले तेव्हा १९५८ साल उजाडले होते. मग स्वर्गाला वतन म्हणताना आम्हाला आनंद कसा व्हावा? सभागृहात कोणी हलले नाही. फादरांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. ते एवढेच म्हणाले की शास्त्राचे भाषांतर ज्यांच्या कानांनी झाले त्यांच्या कानांवर वतन हा शब्द मानाचा होता, ज्यांच्या पाठीवर तो पडला त्यांच्या कानांनी ते वचन पुन्हा ऐकले पाहिजे, आणि त्या अध्यायातला राजा स्वतः भुकेल्यांत, तुरुंगातल्यांत आणि परक्यांत उभा आहे, म्हणजे वतन देणारा येथे वेठीला धरलेल्यांच्याच बाजूचा आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या मोठ्या भागाचा इतिहास ज्या वस्त्यांतून आला त्या वस्त्यांचा आवाज तारणशास्त्राच्या वर्गात इतका स्पष्ट ऐकू येणे ही या वर्गाची मोठी जमेची बाजू आहे.

मात्र यात सव्वा तास गेला, आणि ज्यांनी ख्रिस्ताचे नाव कधी ऐकलेच नाही किंवा ऐकूनही जे आपल्या घरच्या भक्तीत राहिले, त्यांच्या प्रश्नाला पाऊण तास उरला. त्या पाऊण तासात दोघा शिक्षकांनी जे सांगितले ते प्रामाणिक होते, पण धावते होते. फादरांनी कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेच्या २१ नोव्हेंबर १९६४ च्या ख्रिस्तसभेवरील संविधानाचा सोळावा परिच्छेद सांगितला: स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि विवेकातून कळलेली त्याची इच्छा कृपेच्या प्रेरणेने आचरणात आणण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. येथेही ‘कृपेच्या प्रेरणेने’ हे शब्द आहेत, पुण्याईने नव्हे, हे त्यांनी ठासून सांगितले. ही भूमिका १९६४ मध्येच आकाशातून पडली नाही. ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही या जुन्या वचनाचा अत्यंत कडक अर्थ लावणाऱ्या बॉस्टनच्या लेनर्ड फीनी या धर्मगुरूच्या वादात रोमने १९४९ मध्येच पत्र पाठवून तो अर्थ नाकारला होता, आणि पुढे १९५३ मध्ये आज्ञाभंगासाठी फीनी यांना बहिष्कृत केले होते.

पाळकसाहेब इतके पुढे जायला तयार नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांतल्या कर्नेल्याच्या गोष्टीवर दोघांचे मतभेद उघड झाले. कर्नेल्य परराष्ट्रीय होता, त्याच्या प्रार्थना आणि दानधर्म देवापुढे पोहोचले होते, आणि प्रत्येक राष्ट्रात जो देवाचे भय बाळगतो व नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे असे प्रेषित पेत्र म्हणतो. फादर या वचनावर थांबले. पाळकसाहेबांनी पुढचा अध्याय उघडून दाखवले की तरीही ज्या शब्दांनी त्याचे व त्याच्या घराण्याचे तारण होईल ते सांगायला पेत्राला यावेच लागले, म्हणजे दानधर्म मान्य होणे आणि तारण होणे या एकच गोष्टी नाहीत. मग सुवार्ता न ऐकताच मेलेल्यांचे काय, या माझ्या प्रश्नावर त्यांनी अब्राहामाचा प्रश्न मला परत दिला, की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय? आणि ते म्हणाले की त्या खुर्चीवर बसून निकाल वाचण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला नाही आणि सांत्वनाला आलेल्या पाहुण्याला तर नाहीच नाही. पाहुण्यांची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

दोघांचे म्हणणे एक झाले नाही, आणि एक झाल्याचा देखावा त्यांनी केला नाही. मला फादरांचे म्हणणे अधिक पटले, तरी कर्नेल्याबाबत पाळकसाहेबांचे वाचन अधिक काटेकोर होते असे माझे मत आहे. पण हा प्रश्न पाऊण तासात उरकणे हा अभ्यासक्रमाच्या आखणीतला गंभीर दोष आहे. कार्थेज आणि ऑरेंज यांना पूर्ण संध्याकाळ मिळते आणि आपल्या घरातल्या, शेजारच्या, वेगळ्या श्रद्धेच्या माणसांच्या प्रश्नाला तिच्या निम्म्याहूनही कमी वेळ, हे प्रमाण महाराष्ट्रात तरी उलटे हवे. येथे बहुतेक ख्रिस्ती घरांत दोन-तीन पिढ्यांमागे कोणीतरी आजी आहेच. दहावे सत्र प्रश्नोत्तरांचे असूनही ते बहुतांशी बाप्तिस्म्याच्या पद्धतीवर खर्ची पडले.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. शास्त्राची स्वतःची प्रत न्यावी, आणि शक्य असेल तर कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही आवृत्त्या, कारण वचने शेजारी ठेवून वाचण्यातच खरी गंमत आहे. टिपणांची छपाई बारीक आहे, चष्मा विसरू नये. सभागृहातले पंखे आवाज करतात, तेव्हा पुढच्या तीन ओळींत बसावे. नुकताच विश्वासात आलेल्या माणसाला दुसरे व पाचवे सत्र जड जाईल, त्याने घाबरून वर्ग सोडू नये, कारण तिसरे, चौथे आणि आठवे कोणालाही कळेल. ख्रिस्ती नसलेल्यांनाही प्रवेश आहे. आमच्या वर्गात असे तिघे होते आणि त्यांच्यावर धर्मांतराचा कोणताही आग्रह झालेला मी पाहिला नाही.

क्रियापदांची दुरुस्ती करावी आणि नववे सत्र दोन शनिवारांत विभागावे असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. वही दुरुस्त होईल असे उत्तर आले, आणि अकराव्या शनिवारासाठी सभागृह मिळते का ते पाहत आहेत. मिळाले तर त्या एका संध्याकाळसाठी मी पुन्हा नाव नोंदवणार आहे आणि या वेळी माझ्या धाकट्या भावालाही नेणार आहे. आजी गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि पाहुण्यांचे ते वाक्य त्यानेही ऐकले होते.